चित्रचाचण्या : निदानाचा पुरावा की संवादाची वाट?

एक कोरा कागद, शिसपेन्सिल, खोडरबर आणि 'एका माणसाचे चित्र काढा' एवढीच सूचना. मानसशास्त्रीय तपासणीत याहून साधे आणि स्वस्त साधन क्वचितच आढळेल. लांबलचक प्रश्नावली भरावी लागत नाही, भाषेचा अडसर फारसा येत नाही आणि जो रुग्ण बोलायलाच तयार नाही, तोही कधीकधी पेन्सिल हाती घेतो. त्यामुळे गेली सुमारे शंभर वर्षे चित्रचाचण्या मनोविकार चिकित्सेत टिकून आहेत. मात्र कागदावरील रेषांचा अर्थ लावला जाऊन तो अहवालात उतरतो, तेव्हा त्याचे परिणाम साधे राहत नाहीत. 'चित्रात छिन्नमनस्कतेची लक्षणे दिसतात' हे एक वाक्य एखाद्याचे शिक्षण, नोकरी, विवाह आणि घरातील स्थान यांवर दीर्घकाळ परिणाम करू शकते. म्हणूनच चित्र नेमके काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे रुग्णाच्या आप्तांनाही आवश्यक ठरते.

चित्तविकृती आणि तिचे निदान

'सायकोसिस' अर्थात चित्तविकृती हा एकच एक आजार नव्हे. वास्तवाचे भान सुटण्याची ती अवस्था होय. नसलेले आवाज ऐकू येणे, आपल्यावर कोणी पाळत ठेवीत असल्याची अढळ खात्री वाटणे, विचारांची साखळी तुटून बोलणे असंबद्ध होणे ही तिची ठळक लक्षणे. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया हे तिचे सर्वपरिचित कारण असले, तरी उन्मादाची तीव्र अवस्था, गंभीर नैराश्य, अमली पदार्थांचे सेवन आणि मेंदूचे काही विकार यांतही ती उद्भवते.

छिन्नमनस्कतेचे निदान लक्षणे, त्यांचा कालावधी आणि दैनंदिन जीवनावरील परिणाम यांच्या आधारे केले जाते. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डीएसएम-५' या निदानसंहितेनुसार भ्रम, भास, विस्कळीत बोलणे, अत्यंत विस्कळीत वर्तन आणि भावना वा प्रेरणा मंदावणे या पाचांपैकी किमान दोन लक्षणे महिनाभर ठळकपणे दिसावी लागतात; त्यांतील एक पहिल्या तिनांपैकी असावे लागते आणि विकाराची चिन्हे एकूण सहा महिने टिकावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या दोन्ही संहितांतील निकषांमध्ये चित्राचा समावेश नाही. चित्रचाचणी ही फार तर पूरक माहिती देते, ही या विषयातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा होय.

शोधाचा प्रारंभ

मनोरुग्णांच्या चित्रांकडे वैद्यकाचे लक्ष एकोणिसाव्या शतकात वळले. फ्रान्समधील पॉल-मॅक्स सिमाँ या वैद्याने १८७६ मध्ये मनोरुग्णांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इटलीतील चेझारे लोम्ब्रोझो प्रतिभा आणि वेड यांचे नाते जोडू पाहत होता. जर्मनीतील फ्रित्झ मोर याने १९०६ मध्ये चित्र काढवून घेण्याकडे तपासणीची पद्धत म्हणून पाहिले. पुढे १९२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील वाल्टर मॉर्गेनथालर या मनोविकारतज्ज्ञाने बर्नजवळच्या वाल्डाऊ रुग्णालयातील आडोल्फ व्योल्फ्ली या रुग्णाच्या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; एका मनोरुग्णाला त्यात नावानिशी कलावंत म्हणून मान मिळाला.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी नाव हान्स प्रिन्झहॉर्न यांचे. कलेचा इतिहास आणि वैद्यक या दोन्हींचे शिक्षण घेतलेल्या प्रिन्झहॉर्न यांनी हायडेलबर्गच्या मनोविकार चिकित्सालयात सुमारे ४५० रुग्णांच्या जवळपास ५००० कलाकृती जमविल्या आणि १९२२ मध्ये त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढा मोठा साठा समोर असूनही त्यांनी काढलेला निष्कर्ष सावध होता. अमुक चित्र मनोरुग्णाच्या चित्रासारखे दिसते, म्हणून ते काढणारा मनोरुग्ण आहे, असा तर्क त्यांनी स्पष्टपणे नाकारला. बाह्य साम्यावरून आंतरिक अवस्थेचे साम्य ठरत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते.

हा इशारा जर्मनीत लवकरच पायदळी तुडविला गेला. नाझी राजवटीने १९३७ मध्ये म्युनिक येथे 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन भरविले आणि ते अन्य शहरांत फिरविताना हायडेलबर्गच्या संग्रहातील चित्रे आधुनिक चित्रकारांच्या कृतींशेजारी मांडली. नवी कला ही वेडाचेच लक्षण आहे, हे लोकांच्या मनावर ठसविण्याचा तो डाव होता. या संग्रहातील एक श्रेष्ठ कलावंत आणि मूळचा कुशल लोहकारागीर फ्रान्झ कार्ल ब्यूलर याला १९४० मध्ये ग्राफेनेक येथे, मनोरुग्णांच्या सामूहिक हत्येच्या मोहिमेत ठार मारण्यात आले. चित्रावरून माणसाची प्रत ठरविण्याची प्रवृत्ती कुठवर जाऊ शकते, याचे हे टोकाचे उदाहरण. हायडेलबर्ग येथे २००१ पासून या संग्रहाचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

प्रमुख चाचण्या

आज वापरात असलेल्या चित्रचाचण्यांचे उद्देश एकसारखे नाहीत आणि गोंधळाचे मूळ बहुतेकदा इथेच असते. पहिला प्रकार बौद्धिक विकासाच्या मापनाचा. अमेरिकेतील फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये 'माणसाचे चित्र काढा' ही चाचणी मांडली. मुलाने चित्रात किती अवयव आणि तपशील दाखविले, ते प्रमाणबद्ध आहेत का, यांना गुण देऊन वयानुसार बौद्धिक पातळीचा अंदाज घेतला जाई. डेल हॅरिस यांनी १९६३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. भारतीय मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी या चाचणीचे रूपांतर केले. येथे चित्राच्या 'गूढ अर्था'चा संबंधच नाही. मोजले जातात ते तपशील.

दुसरा प्रकार दृष्टी आणि हात यांच्या समन्वयाचा. लॉरेटा बेंडर यांच्या १९३८ मधील चाचणीत नऊ भौमितिक आकृत्या पाहून उतरवायच्या असतात. आंद्रे रे यांनी १९४१ मध्ये तयार केलेली आणि पॉल ऑस्टररीट यांनी १९४४ मध्ये प्रमाणित केलेली गुंतागुंतीची आकृती आधी पाहून आणि नंतर आठवून काढावी लागते. तिचे अठरा भाग पाडून एकूण ३६ गुण दिले जातात. घड्याळाचे चित्र काढून ठरावीक वेळ दाखविण्याची चाचणीही याच गटातील. स्मृती, नियोजन आणि अवकाशाची जाण यांची मोजदाद या चाचण्या करतात. छिन्नमनस्कतेत लक्ष, स्मृती आणि नियोजनक्षमता यांवर परिणाम होत असल्याने पुनर्वसनाची आखणी करताना अशी मोजदाद उपयोगी पडते.

तिसरा प्रकार प्रक्षेपणाचा आणि सर्वाधिक वादाचा. माणूस चित्रातून नकळत स्वतःलाच प्रकट करतो, हे त्यामागचे गृहीतक. जॉन बक यांची 'घर-झाड-माणूस' चाचणी १९४८ मधील, तर कार्ल कॉख यांची झाडाच्या चित्राची चाचणी १९४९ मधील. त्याच वर्षी कॅरेन मॅकोव्हर यांनी मानवाकृतीच्या चित्रातून व्यक्तिमत्त्व वाचण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. डोके, डोळे, कान, हात, रेषेचा दाब, कागदावरील जागा अशा प्रत्येक गोष्टीला त्यात अर्थ लावलेला होता. डोळ्यांवर आणि कानांवर विशेष भर दिलेला असेल, तर काढणाऱ्याची वृत्ती संशयी असावी, हा त्यांतील एक प्रसिद्ध अर्थ.

संशयी डोळ्यांचा भ्रम

हे अर्थ पटण्याजोगे वाटतात. संशयी माणूस सतत डोळ्यांत तेल घालून पाहत असतो, मग तो मोठे डोळे काढणारच, असे कोणालाही वाटेल. नेमके हेच 'वाटणे' लॉरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने १९६७ मध्ये तपासून पाहिले. त्यांनी मानवाकृतींच्या चित्रांना निरनिराळ्या लक्षणांची वर्णने यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणताही संबंध राहणार नाही अशा रीतीने, जोडली आणि ती या विषयाशी अपरिचित विद्यार्थ्यांना दाखविली. प्रत्यक्षात कोणताही संबंध नसताना विद्यार्थ्यांना 'संबंध' आढळले आणि ते अनुभवी मानसशास्त्रज्ञ सांगत असलेल्या संबंधांसारखेच होते. संशयी व्यक्ती मोठे डोळे काढते, हा त्यांतील एक.

याचा अर्थ असा की तज्ज्ञांना वर्षानुवर्षांच्या अनुभवातून गवसल्यासारखे वाटणारे ज्ञान प्रत्यक्षात भाषेतील आणि लोकसमजुतीतील जुन्या सांगडींचे प्रतिबिंब असू शकते. या घटनेला चॅपमन यांनी 'आभासी सहसंबंध' असे नाव दिले. क्लिफर्ड स्वेन्सन यांनी १९५७ आणि १९६८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मॅकोव्हर यांच्या बहुतेक सुट्या चिन्हांच्या अर्थांना पुरेसा आधार आढळला नाही. स्कॉट लिलिएनफेल्ड, जेम्स वुड आणि हॉवर्ड गार्ब यांनी २००० मध्ये प्रक्षेपण चाचण्यांची विस्तृत चिकित्सा केली, तिचाही सूर तसाच होता. चित्रातील एकेका चिन्हावरून निदान करणे टिकत नाही. संपूर्ण चित्राला ठरावीक निकषांवर गुण देण्याच्या पद्धतींना मात्र काही अंशी आधार मिळतो.

लुई वेन यांची मांजरे

लोकप्रिय समजुतीचे याहून बोलके उदाहरण म्हणजे लुई वेन यांची मांजरे. माणसांसारखी वागणारी मांजरे काढून इंग्लंडमध्ये अफाट लोकप्रिय झालेले हे चित्रकार १८६० मध्ये जन्मले आणि १९३९ मध्ये निवर्तले. १९२४ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यांची काही चित्रे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून एका रांगेत छापली जात. प्रारंभी गोजिरवाणे मांजर, मग भेदरलेले मांजर, पुढे ठिणग्यांसारख्या रेषांनी वेढलेले आणि शेवटी निव्वळ नक्षीत विरून गेलेले मांजर. बळावत जाणारा छिन्नमनस्कतेचा विकार चित्रांतून कसा उलगडतो, याचा जणू तो डोळ्यांसमोरचा पुरावा मानला गेला.

परंतु त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाच्या हाती ती लागली आणि आजाराच्या प्रवासाची जी कल्पना मनात होती, तिला अनुसरून त्यांचा क्रम लावला गेला. वेन यांनी रुग्णालयात असतानाही नेहमीच्या धाटणीची मांजरे काढली होती, हे लक्षात घेतले की तो क्रम कोसळतो. चित्रांनी आजाराची कथा सांगितली नव्हती. आजाराच्या कथेने चित्रांना रांगेत उभे केले होते.

कागदावर न दिसणारी कारणे

चित्तविकृतीच्या रुग्णांच्या चित्रांविषयी ग्रंथांत काही वर्णने वारंवार येतात : एकाच आकाराची पुनरावृत्ती, परस्परांशी न जुळणारे अवयव, कपड्यांतून वा भिंतींतून आरपार दिसणाऱ्या वस्तू, चित्रात मिसळलेली अक्षरे, कागदाचा कोपरानकोपरा भरून टाकण्याची ओढ. ही वैशिष्ट्ये काही रुग्णांत दिसतात, यात शंका नाही. पण ती लहान मुलांच्या चित्रांतही दिसतात, लोककलेत दिसतात आणि प्रदर्शनांतील आधुनिक चित्रांतही दिसतात.

शिवाय रुग्णाच्या रेषेवर आजाराखेरीज इतर अनेक गोष्टींचा प्रभाव असतो. चित्तविकृतीवरील काही औषधांमुळे हाताला कंप सुटतो, स्नायू ताठरतात, अक्षर बारीक होते. कापरी रेषा मग 'भीती'ची खूण म्हणून वाचली जाते आणि कोपऱ्यातली इवलीशी आकृती 'न्यूनगंडा'ची; वास्तविक तो गोळीचा परिणाम असू शकतो. मंद नजर, झोपेची गुंगी, चाचणीचे दडपण आणि शाळेनंतर पेन्सिल हातीच न धरल्याने आलेला अवघडलेपणा हीसुद्धा कारणे आहेतच.

संस्कृतीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. बक यांच्या चाचणीत घराचे धुराडे हा अर्थपूर्ण तपशील मानला जातो. मुंबईतील चाळीत किंवा पुण्यातील सदनिकेत वाढलेल्या माणसाच्या घराला धुराडे कोठून असणार? पायघोळ नेसलेल्या स्त्रीच्या चित्रात पावले दिसली नाहीत, तर तो अस्थैर्याचा पुरावा म्हणावा काय? महाराष्ट्रात तर चित्र म्हटले की दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, कौलारू घर आणि नारळाचे झाड हा ठरलेला देखावा पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला आहे. अशा चित्रात व्यक्तीच्या अंतरंगापेक्षा चित्रकलेच्या तासाची आठवणच अधिक असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्याचे चित्र आणि कधी रंगपेटी न पाहिलेल्याचे चित्र एकाच पट्टीने मोजणे अन्यायाचे ठरेल.

उरते ते काय?

एवढ्या आक्षेपांनंतर चित्रचाचण्या अडगळीत टाकाव्यात काय? तसे नाही. त्यांचा उपयोग बदलला आहे. लिंडा गँट आणि कार्मेलो टॅबोन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी याचे एक उदाहरण. 'झाडावरून सफरचंद तोडणारा माणूस' असे चित्र बारा रंगांच्या मार्करनी काढवून घेतले जाते आणि रंगांचा वापर, सुसंगती, तर्कशुद्धता, तपशील, रेषेची गुणवत्ता अशा चौदा निकषांवर गुण दिले जातात. माणसाने सफरचंद तोडले की नाही, यापेक्षा ते तोडण्याची अडचण त्याने चित्रात कशी सोडविली, हे पाहिले जाते. सुट्या चिन्हांचे गूढ अर्थ येथे बाजूला पडतात. एकाच रुग्णाची काही आठवड्यांच्या अंतराने काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर उपचारांबरोबर विस्कळीतपणा कमी होतो आहे का, याचा मागोवा घेता येतो.

दुसरे उदाहरण जपानचे. मनोविकारतज्ज्ञ हिसाओ नाकाई (१९३४-२०२२) यांनी १९६९ मध्ये 'निसर्गदृश्य रचना' ही पद्धत शोधली आणि तिचा उगमच छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या उपचारांत होता. वाळूच्या पेटीत छोट्या वस्तू मांडण्याची उपचारपद्धती तेव्हा जपानमध्ये रुजत होती. ती या रुग्णांना झेपेल का, त्यातून त्यांना इजा तर होणार नाही ना, हे आधी कागदावर पडताळून पाहावे, हा नाकाई यांचा हेतू होता.

या पद्धतीत चिकित्सक रुग्णासमोरच कागदाच्या कडेने चौकट आखतो. मग तो एकेक नाव सांगतो : नदी, डोंगर, भातशेत, रस्ता, त्यानंतर घर, झाड, माणूस, शेवटी फूल, प्राणी आणि दगड. आणखी काही हवेसे वाटल्यास ते रुग्णाने काढायचे आणि मग चित्र रंगवायचे. सारे घटक मिळून एक देखावा व्हावा, एवढीच अपेक्षा. पहिलीच वस्तू नदी असल्याने तिची जागा ठरताच पुढच्या प्रत्येक वस्तूसाठी जागेचा विचार करावा लागतो. काही रुग्णांच्या चित्रांत नदी वरून पाहिलेली, घर समोरून पाहिलेले आणि डोंगर तिसऱ्याच दिशेचा, अशी न जुळणारी सरमिसळ दिसते. अनुभवांची सांगड घालणे त्या काळात किती कठीण जात आहे, याची ती कल्पना देते.

मात्र या पद्धतीचे मर्म गुणांकनात नाही. चौकट रुग्णाला सुरक्षित सीमा देते. चिकित्सक शेजारी बसून वाट पाहतो. चित्र पूर्ण झाल्यावर ऋतू कोणता, वेळ कोणती, नदी कोणत्या दिशेने वाहते, असे साधे प्रश्न विचारले जातात. कानांतल्या आवाजांविषयी बोलणे ज्याला असह्य आहे, तो माणूस नदीविषयी बोलू शकतो. तपासणी आणि उपचार यांच्यातील भिंत येथे विरळ होते.

अहवाल हाती आल्यावर

भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. चाचणी अशा प्रशिक्षित व्यक्तीने घेतली आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी. चांगल्या अहवालात चित्रचाचणी एकटी नसते. मुलाखत, नातेवाइकांनी दिलेला पूर्वेतिहास, वर्तनाचे निरीक्षण आणि अन्य प्रमाणित चाचण्या यांच्या सोबतीने तिचा उल्लेख येतो. चाचणीच्या वेळी कोणती औषधे चालू होती, रुग्णाचे शिक्षण किती, चित्र काढण्याचा सराव होता का आणि गुण कोणत्या पद्धतीने दिले, याचीही नोंद असावी. 'हात लपविले आहेत, म्हणून अपराधी भावना' अशा धर्तीची विधाने दिसली, तर त्यांचा आधार विचारण्याचा आप्तांना अधिकार आहे. विशेषतः ज्या निदानाचा आधार केवळ चित्र आहे, त्यावर मनोविकारतज्ज्ञांचे दुसरे मत अवश्य घ्यावे. याउलट भास, भ्रम वा विस्कळीत बोलणे स्पष्ट दिसत असेल, तर चित्र 'चांगले' आले म्हणून उपचार लांबविणे तितकेच धोक्याचे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याही बाबतीत मार्गदर्शक आहे. मानसिक आजार ठरविताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य वैद्यकीय मानकांचा आधार घ्यावा, असे हा कायदा सांगतो. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही आजार आहे असे ठरविता येत नाही. रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळविण्याचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे. त्याची माहिती त्याच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही. तपासणीच्या खोलीत काढलेले चित्र हीही अशीच खासगी गोष्ट आहे. ते प्रदर्शनात, व्याख्यानात वा भ्रमणध्वनीवरील गटांत फिरविण्यापूर्वी ज्याने ते काढले, त्याला विचारणे ही किमान सभ्यता होय.

हायडेलबर्गच्या संग्रहाने आणि लुई वेन यांच्या मांजरांनी दिलेला धडा एकच आहे. चित्रात आजार शोधायला निघालेल्याला तो बहुधा सापडतोच, कारण तो बरोबर घेऊनच तो निघालेला असतो. चित्र काढणाऱ्या माणसाशी बोलायला बसलेल्याला मात्र त्याच कागदावरून त्या माणसापर्यंत जाण्याची वाट मिळू शकते. चित्रचाचणीचे मोल या दुसऱ्या उपयोगात आहे.